मावळता अध्यक्ष आणि नवा उमेदवार : भेदवाचक विधानांचा एक अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या राजकीय संघटनेचा प्रमुख आपल्या पदावरून दूर होतो आणि त्याच संघटनेतील दुसरी व्यक्ती त्या पदासाठी पुढे येते, तेव्हा लोकांच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. हा नवा उमेदवार मावळत्या नेत्याहून खरोखर वेगळा आहे काय? प्रतिपक्ष म्हणतो की तो वेगळा नाही. अनुयायांपैकी काही म्हणतात की तो वेगळा आहे, तर काही म्हणतात की तो तसाच आहे व तसाच असणे इष्ट आहे. वरवर पाहता हा प्रश्न राज्यशास्त्राचा अथवा चरित्राचा वाटतो. तथापि त्याचे उत्तर नेहमी विधानांच्या रूपाने दिले जाते, आणि ती विधाने तपासण्याचे काम काही अंशी तरी भाषाभ्यासकाकडे येते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वऱ्हाडातील दोन नगरांशी निगडित असलेल्या दोन प्रसंगांच्या आधारे केला आहे. पहिला प्रसंग १९०७ सालच्या सुरत येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचा आहे. त्या वेळी अमरावतीच्या सार्वजनिक जीवनातील दोन अग्रगण्य वकील, दादासाहेब खापर्डे व रघुनाथ नरसिंह मुधोळकर, हे परस्परविरुद्ध पक्षांत होते. दुसरा प्रसंग १९२६ साली अकोल्यास भरलेल्या परिषदेचा आहे. पहिल्यात वाद अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयी होता, दुसऱ्यात नेतृत्वाच्या वारशाविषयी. दोन्ही ठिकाणी वादाचे खरे स्थान व्यक्तीत नसून शब्दयोजनेत होते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. ‘दुसरा’ आणि ‘वेगळा’

मराठीत अन्यत्व दाखविणारे जे शब्द आहेत त्यांत ‘दुसरा’ व ‘वेगळा’ हे दोन येथे महत्त्वाचे आहेत. ‘दुसरा’ हा मुळात संख्याक्रमाचा शब्द आहे. ‘दुसरा अध्यक्ष आला’ या वाक्यात एवढेच सांगितले जाते की पहिला गेला व त्याच्या जागी आणखी एक आला. ‘वेगळा अध्यक्ष आला’ या वाक्यात गुणांची तुलना आहे. बोलण्याच्या ओघात ‘दुसरा’ हा शब्दही कधी कधी गुणभेदासाठी वापरला जातो, परंतु दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले म्हणजे त्यांच्यातील अंतर स्पष्ट होते. वऱ्हाडी बोलीत शब्दारंभीच्या ‘वे’चा पुष्कळदा ‘ये’ होतो. त्या बोलीत हा संपूर्ण प्रश्न ‘अध्यक्ष दुसरा झाला, पन येगळा झाला का?’ अशा एका वाक्यात मांडता येतो. निवडणुकीने ‘दुसरा’ नेहमीच मिळतो. ‘वेगळा’ मिळतो की नाही हा वादाचा विषय असतो.

‘वेगळा’ या शब्दाला पूर्ण अर्थ येण्यासाठी तीन स्थाने भरावी लागतात: कोण वेगळा, कोणाहून वेगळा आणि कशाबाबत वेगळा. पहिली दोन स्थाने वाक्यात बहुधा असतातच. दुसऱ्यासाठी मराठीत ‘हून’ व ‘पेक्षा’ ही रूपे आहेत. तिसरे स्थान मात्र व्याकरणदृष्ट्या रिकामे ठेवता येते. ‘तो त्याच्याहून वेगळा आहे’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. अर्थाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. राजकीय भाषेत हे तिसरे स्थान रिकामे ठेवण्याकडे प्रवृत्ती असते, कारण ते रिकामे असले की प्रत्येक श्रोता आपापल्या इच्छेप्रमाणे ते भरून घेतो.

याची उदाहरणे अन्य देशांतही सापडतात. अमेरिकेत १९६८ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन पुन्हा उभे राहिले नाहीत व त्यांचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री हे पक्षाचे उमेदवार झाले. व्हिएतनाम युद्धाबाबत ते जॉन्सनहून वेगळे आहेत काय, हा त्या निवडणुकीतील कळीचा प्रश्न होता. ३० सप्टेंबर १९६८ रोजी सॉल्ट लेक सिटी येथील भाषणात हम्फ्री यांनी उत्तर व्हिएतनामवरील बाँबवर्षाव थांबविण्याची तयारी दाखविली. मात्र त्याच भाषणात, तसे करण्यापूर्वी निर्लष्करी पट्ट्याबाबत प्रतिपक्षाची अनुकूलता दिसण्याला आपण महत्त्व देऊ, अशी जोडही होती. मुख्य वाक्याने भेद दाखविला, जोडवाक्याने तो आवळला. ज्यांनी मुख्य वाक्य ऐकले त्यांना उमेदवार वेगळा वाटला. ज्यांनी जोडवाक्याकडे लक्ष दिले त्यांना तो तसाच वाटला. एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने हम्फ्री पराभूत झाले. २०२४ साली कमला हॅरिस यांना एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात विचारण्यात आले की मागील चार वर्षांत बायडेन यांच्याहून वेगळे असे त्यांनी काय केले असते. तेव्हा सांगण्यासारखे काही मनात येत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे काही दिवसांनी आपली कारकीर्द ही बायडेन यांच्या कारकिर्दीचा पुढचा भाग असणार नाही, असे त्या म्हणाल्या. पहिल्या उत्तरात तिसरे स्थान प्रश्नकर्त्याने पुढे केले असूनही रिकामे राहिले. दुसऱ्यात निषेध आला, पण ‘कशाबाबत’ हे तेथेही मोघमच राहिले.

३. कलकत्त्याहून सुरतेकडे

१९०६ च्या डिसेंबरात कलकत्ता येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदी लोकमान्य टिळकांना आणावे अशी जहाल पक्षाची इच्छा होती. ती टाळण्यासाठी मवाळ पुढाऱ्यांनी इंग्लंडहून दादाभाई नौरोजी यांना पाचारण केले. ८१ वर्षांच्या दादाभाईंना विरोध करणे कोणालाच शक्य नव्हते. या अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण या चार विषयांवरील ठराव संमत झाले. पुढे ‘कलकत्त्याचे ठराव’ म्हणून ओळखले गेले ते हेच.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला भरावयाचे होते. तेथील स्वागत मंडळात अध्यक्षाच्या निवडीवरून तीव्र मतभेद झाले. कलकत्त्यास ठरलेल्या नियमानुसार स्वागत मंडळात तीन चतुर्थांश मते मिळाल्यासच अध्यक्षाची निवड होऊ शकत होती, आणि एवढे मतैक्य नागपुरात होईना. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरात अधिवेशन सुरतेला हलविण्याचा निर्णय झाला. सुरतेच्या स्वागत मंडळाने डॉ. रासबिहारी घोष यांची निवड केली. जहाल पक्षाला मंडालेच्या हद्दपारीतून नुकतेच सुटलेले लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते, परंतु लालाजींनी ते नाकारले.

अशा रीतीने रासबिहारी घोष हे उमेदवार व दादाभाई नौरोजी हे मावळते अध्यक्ष अशी स्थिती झाली. जहाल पक्षाचा आक्षेप असा की नव्या अध्यक्षाच्या हाताखाली सभा कलकत्त्याच्या ठरावांवरून मागे हटेल. म्हणजे लोकांच्या मनातील प्रश्न होता: रासबिहारी दादाभाईंहून वेगळे आहेत काय?

केवळ चरित्राकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर जहाल पक्षाला अनुकूल निघत नाही. १९०५ च्या मार्चमध्ये लॉर्ड कर्झनच्या पदवीदान समारंभातील भाषणाच्या निषेधार्थ कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जी सभा झाली तिचे अध्यक्ष रासबिहारीच होते. १९०६ च्या ज्या अधिवेशनाचे दादाभाई अध्यक्ष होते त्याच अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष रासबिहारी होते. बंगालमधील राष्ट्रीय शिक्षण परिषदेची स्थापना १९०६ साली झाली व तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. आजचे जादवपूर विद्यापीठ त्या परिषदेच्या परंपरेतून निर्माण झाले आहे. याउलट, जहालांविषयीची त्यांची नापसंतीही लपून राहिलेली नव्हती. त्यांचे सुरतेचे अध्यक्षीय भाषण पूर्ण होऊ शकले नाही, परंतु ते कलकत्त्याच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, आणि त्यातील जहाल पक्षावरील टीकेने वातावरण अधिकच तापले. एकाच व्यक्तीच्या चरित्रातून दोन्ही बाजूंना पुरावे मिळत होते. व्यक्तीकडे पाहून हा प्रश्न सुटत नाही, असे दाखविणारे हे ठळक उदाहरण होय.

४. तुलनेचा आधार कोणता?

या वादात दुसरे स्थान, म्हणजे ‘कोणाहून’ हे स्थान, निश्चित आहे असे सर्वजण गृहीत धरीत होते. वस्तुतः तेही निश्चित नव्हते. कलकत्त्यास दादाभाईंचे भाषण त्यांच्या वतीने गोपाळ कृष्ण गोखले यांनी वाचून दाखविले. त्यात हिंदुस्थानचे ध्येय म्हणून स्वराज्याचा उच्चार होता. पण ते स्वराज्य कसले, तर इंग्लंडमधील किंवा वसाहतींमधील राज्यपद्धतीसारखे, असे त्याचे वर्णन होते.

या वर्णनाचे दोन भाग पडतात. ‘स्वराज्य’ हे नाम आणि ‘सारखे’ या साम्यवाचक शब्दाने जोडलेले विशेषण. जहाल पक्षाने नामावर भर दिला. राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा देशी शब्द उच्चारला गेला, ही त्यांच्या दृष्टीने या भाषणातील मुख्य घटना होती. मवाळ पक्षाने विशेषणावर भर दिला. वसाहतींसारखे, म्हणजे साम्राज्यांतर्गत व सनदशीर मार्गाने मिळणारे, हा त्यांचा अर्थ. खुद्द विशेषणातही ‘किंवा’ होते: इंग्लंडसारखे स्वराज्य व वसाहतींसारखे स्वराज्य या दोन गोष्टी एक नव्हत.

अर्थात सुरतेच्या वेळी प्रत्येक पक्षाजवळ आपापले दादाभाई होते. एक पक्ष रासबिहारींची तुलना ‘स्वराज्य’ शब्द उच्चारणाऱ्या दादाभाईंशी करीत होता, दुसरा पक्ष अर्धशतकाहून अधिक काळ अर्ज-विनंतीच्या मार्गाने झगडलेल्या दादाभाईंशी. मावळत्या नेत्याचे म्हणणे जितके अधिक लोकांना मान्य होण्याजोगे, तितके ते अनेकार्थी असण्याचा संभव जास्त. नव्या उमेदवाराने त्या अनेक अर्थांपैकी एक अर्थ पत्करला की तो काहींना वारस वाटतो व काहींना द्रोही. त्यात त्याचा स्वतःचा पालट झालेला असतोच असे नाही.

५. ठरावांच्या शब्दांतील फरक

चरित्र व भाषण ही दोन्ही साधने अपुरी ठरल्यावर उरते ते ठरावांचे लिखित रूप. सुरतेच्या अधिवेशनासाठी जे मसुदे तयार झाले होते त्यांची कलकत्त्याच्या ठरावांशी तुलना करता काही फरक दिसतात. मूळ ठराव इंग्रजीत असल्यामुळे येथे त्यांचा आशय मराठीत दिला आहे.

बहिष्काराच्या ठरावात कलकत्त्याची शब्दयोजना अशी होती की फाळणीच्या निषेधार्थ बंगालमध्ये सुरू करण्यात आलेली बहिष्काराची चळवळ न्याय्य आहे. सुरतेच्या मसुद्यात ‘बहिष्काराची चळवळ’ याऐवजी ‘विदेशी मालावरील बहिष्कार’ असे शब्द आले आणि ‘सुरू करण्यात आलेली’ याऐवजी ‘अवलंबिलेला’ या अर्थाचे क्रियापद आले. हे दोन्ही बदल लहान आहेत. त्यांचा अर्थपरिणाम मोठा आहे. ‘चळवळ’ या शब्दाला कर्म नाही. ती कशाविरुद्ध, कोठवर, याची मर्यादा शब्दात नाही. बिपिनचंद्र पाल यांनी कलकत्त्यासच या मोकळेपणाचा लाभ घेऊन चळवळीचा अर्थ मालापलीकडे व बंगालपलीकडे नेला होता, आणि त्या अर्थाला मदनमोहन मालवीय व गोखले यांनी हरकत घेतली होती. ‘विदेशी माल’ हे कर्म घातल्याबरोबर तो मोकळेपणा संपला. ‘सुरू करणे’ या क्रियेत पुढे चालू राहण्याची अपेक्षा असते, तर उपाय ‘अवलंबिणे’ ही क्रिया विशिष्ट प्रसंगापुरती असते. पहिल्या रचनेत भविष्य आहे, दुसऱ्या रचनेत ते नाही.

स्वदेशीच्या ठरावात कलकत्त्यास असे म्हटले होते की आयात मालापेक्षा देशी मालाला, काही झीज सोसूनही, प्राधान्य द्यावे. सुरतेच्या मसुद्यात ‘काही झीज सोसूनही’ हे शब्द नव्हते. मराठीत ‘सोसूनही’ या रूपातील ‘ही’ हा एक अक्षराचा प्रत्ययवजा शब्द सर्व भार वाहतो. तो गेला म्हणजे उपदेश राहतो, पण त्याची किंमत मोजण्याची तयारी राहात नाही. स्वदेशीला प्राधान्य द्यावे असे म्हणणारा आणि तोटा सोसूनही ते द्यावे असे म्हणणारा हे दोघे एकाच पक्षाचे असू शकतात. त्यांची प्रतिज्ञा मात्र एक नव्हे.

राष्ट्रीय शिक्षणाच्या ठरावात ‘राष्ट्रीय धोरणानुसार व राष्ट्रीय नियंत्रणाखाली’ असे कलकत्त्याचे शब्द होते. सुरतेच्या मसुद्यात त्यांच्याऐवजी ‘स्वतंत्र’ व ‘देशाच्या गरजांना अनुरूप’ अशा आशयाची विशेषणे आली. ‘नियंत्रणाखाली’ या शब्दाने सत्ता कोणाची हे सांगितले जाते; ‘अनुरूप’ या शब्दाने उपयोग कशाचा एवढेच सांगितले जाते. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. रासबिहारी ज्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेचे अध्यक्ष होते तिच्या उद्दिष्टातच राष्ट्रीय धोरण व राष्ट्रीय नियंत्रण हे शब्द होते. म्हणजे जे शब्द त्यांच्या अध्यक्षतेखाली संमत व्हावयाच्या ठरावातून गळले, तेच शब्द त्यांच्या स्वतःच्या संस्थेचे ध्येयवाक्य होते. उमेदवार वेगळा नव्हता. त्याच्या हाती दिलेला पाठ वेगळा होता.

हे फरक बुद्धिपुरस्सर होते काय? गोखले यांचे स्पष्टीकरण असे होते की मागे हटण्याचा कोणताही हेतू नव्हता. मसुद्यांच्या प्रतीही प्रतिनिधींना वेळेवर मिळाल्या नाहीत. त्या छापून येण्यास उशीर झाला. भाषाभ्यासकाला हेतूविषयी निर्णय देता येत नाही व देण्याचे कारणही नाही. शब्दांतील फरक हेतूवाचूनही पडू शकतो. तथापि वाचणाऱ्यापुढे हेतू नसतो, शब्द असतात. आणि ज्यांच्या मनात आधीच शंका आहे त्यांच्या हाती असा पाठ उशिरा पडला तर त्याचे वाचन शंकेच्या दिशेनेच होते.

६. उमेदवार की अध्यक्ष?

२६ डिसेंबर १९०७ रोजी सुरतेस अधिवेशन सुरू झाले. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्या भाषणानंतर दिवाणबहादुर अंबालाल साकरलाल देसाई यांनी रासबिहारींच्या नावाची सूचना मांडली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदन देण्यास उभे राहिले, तोच गोंधळ माजला व सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी अनुमोदन पूर्ण झाले. टिळकांनी आपणास अध्यक्षाच्या निवडीसंबंधी बोलावयाचे आहे अशी लेखी सूचना आधीच दिली होती. ते व्यासपीठावर गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की अध्यक्ष निवडले गेले आहेत, त्यामुळे ही सूचना नियमबाह्य आहे. त्यानंतर जे झाले, मंडपात भिरकावलेले पादत्राण, खुर्च्यांची फेकाफेक व सभेची अखेर, ते सर्वश्रुत आहे.

या प्रसंगातही वादाचे मूळ एका वाक्याच्या स्वरूपात आहे. ‘अमुक यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावे अशी सूचना मी मांडतो’ हे वाक्य दोन प्रकारे समजता येते. ती सभेपुढे निर्णयासाठी ठेवलेली सूचना असेल, तर तिच्यावर उपसूचना येऊ शकते आणि सूचित व्यक्ती अद्याप उमेदवार आहे. ती केवळ उपचार असेल, तर निर्णय स्वागत मंडळातच झालेला आहे आणि व्यक्ती अध्यक्ष झालेली आहे. मवाळ पक्षाने हे वाक्य उपचार मानले, टिळकांनी ते सूचना मानले. वाक्याचे रूप सूचनेचे व कार्य उपचाराचे, अशी स्थिती अनेक वर्षांच्या प्रथेने निर्माण झाली होती. प्रथा सर्वांना मान्य असेतोवर रूप व कार्य यांतील हे अंतर कोणास जाणवत नाही. ती मान्यता ढळताच तेच अंतर भांडणाचे कारण होते.

७. अमरावतीचे दोन पक्ष

या वादाचा वऱ्हाडशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. तेव्हा टिळक कारावासात होते. त्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे होते. मुधोळकर हेही राष्ट्रीय सभेचे जुने कार्यकर्ते. १८९० साली सभेच्या वतीने इंग्लंडला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. एकाच नगरात वकिली करणारे, एकाच सभेत वाढलेले हे दोन पुढारी सुरतेच्या वेळी वेगवेगळ्या बाजूंना होते. सुरतेच्या घटनेविषयी जहाल पक्षाने जे निवेदन प्रसिद्ध केले त्यावर टिळक व अरविंद घोष यांच्याबरोबर खापर्डे यांचीही स्वाक्षरी होती, आणि मसुद्यांतील शब्दभेदांचा मुद्दा त्या निवेदनाचा महत्त्वाचा भाग होता. महिनाभरात, २९ जानेवारी १९०८ रोजी, अरविंद घोष यांचे अमरावतीस व्याख्यान झाले. पुढे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठी खापर्डे इंग्लंडला गेले. मुधोळकर मवाळांच्या ताब्यातील राष्ट्रीय सभेत राहिले व १९१२ साली बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. रासबिहारी घोष १९०८ च्या मद्रास अधिवेशनात अध्यक्षपदी आले. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ साली, लखनौस.

नऊ वर्षांच्या या फुटीला केवळ चार-दोन शब्द कारण झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मतभेद खरे होते व खोल होते. परंतु हे मतभेद ‘रासबिहारी कसे आहेत’ या प्रश्नाच्या रूपाने मांडले गेल्यामुळे त्यांचा निकाल लावता आला नाही. ‘कलकत्त्याचे चार ठराव आहेत त्याच शब्दांत पुन्हा मांडावयाचे काय’ असा प्रश्न वेळीच, दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून, विचारला गेला असता तर त्याला होय किंवा नाही असे उत्तर देणे शक्य होते. व्यक्तीविषयीच्या प्रश्नाला तसे उत्तर नसते.

८. अकोला, १९२६

सुरतेस वाद जिवंत असलेल्या मावळत्या अध्यक्षाच्या संदर्भात होता. नेता दिवंगत झाल्यावर हाच प्रश्न कसे रूप घेतो, हे अकोल्याच्या प्रसंगावरून कळते. विधिमंडळात शिरून सरकारची अडवणूक करावी, अधिकारपदे स्वीकारू नयेत, हे स्वराज्य पक्षाचे धोरण होते. १९२५ च्या जूनमध्ये चित्तरंजन दास निधन पावले व पक्षाची सूत्रे मोतीलाल नेहरूंकडे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत सरकारच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. ते स्वराज्य पक्षाचे असून प्रांतिक विधिमंडळाचे अध्यक्ष होते. या घटनेने पक्षात दोन तट पडले. न. चिं. केळकर, मुकुंदराव जयकर, डॉ. मुंजे व यवतमाळचे बापूजी अणे यांचा तट अधिकारपदे स्वीकारण्यास अनुकूल होता. १९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्यास या तटाची परिषद भरली आणि प्रतियोगी सहकारिता पक्षाची उभारणी झाली.

‘प्रतियोगी सहकारिता’ ही शब्दयोजना टिळकांची. १९१९ च्या अमृतसर अधिवेशनाच्या वेळी त्यांनी ती पुढे आणली होती. सरकार जितके देईल तितक्या प्रमाणात सहकार्य, असा तिचा आशय. १९२० साली टिळक गेले. अकोल्याचे पुढारी म्हणत होते की आपण टिळकांहून वेगळे नाही. त्यांचे विरोधक म्हणत होते की सरकारने काही दिलेले नसताना सहकार्य देणे हे टिळकांचे धोरण नव्हे. कलकत्त्याच्या ‘स्वराज्या’प्रमाणे येथेही विशेषण व नाम यांची जोडी आहे, आणि येथेही एक पक्ष जोडीतील एका शब्दावर भर देतो, दुसरा दुसऱ्यावर. ‘सहकारिता’ या नामावर भर दिला तर अधिकारपद स्वीकारणे वारशाला धरून आहे. ‘प्रतियोगी’ या विशेषणावर भर दिला तर आधी सरकारने काय दिले, हे दाखवावे लागते. खुद्द दासांनीही १९२५ च्या मे महिन्यात फरीदपूरच्या भाषणात सन्मान्य अटींवर सहकार्याची शक्यता बोलून दाखविली होती. म्हणजे टिळकांप्रमाणे दासांच्या शब्दांतूनही दोन्ही तटांना आधार मिळत होता.

अकोल्याच्या प्रसंगात एक फरक मात्र ध्यानी घेण्याजोगा आहे. सुरतेस शब्द बदलले होते व धोरण तेच असल्याचा दावा होता. अकोल्यास शब्द तेच ठेवले होते. बदलली होती ती परिस्थिती. जुने शब्द जसेच्या तसे उच्चारणे म्हणजे जुन्या नेत्याशी एकरूप असणे, असेही म्हणता येत नाही. कारण ‘प्रतियोगी’सारखा शब्द समोरच्याच्या वर्तनावर अवलंबून असतो, आणि ते वर्तन बदलले की त्याच शब्दाचा व्यवहारातील अर्थ पालटतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून नव्या उमेदवाराच्या वेगळेपणाविषयीचे कोणतेही विधान तपासण्यासाठी तीन कसोट्या सुचविता येतात. पहिली, विधानात ‘कशाबाबत’ हे स्थान भरलेले आहे काय. ते रिकामे असल्यास विधान खरे किंवा खोटे ठरविता येत नाही. दुसरी, मावळत्या नेत्याच्या अनेकार्थी वचनांपैकी तुलनेसाठी कोणता अर्थ घेतला आहे. तो स्पष्ट नसल्यास दोन पक्ष एकाच नावाखाली दोन भिन्न पुरुषांविषयी बोलत असतात. तिसरी, दोन लिखित पाठांत नेमके काय बदलले आहे: कर्म आवळले गेले काय, सवलतीचा अथवा त्यागाचा शब्द गळला काय, सातत्यवाचक क्रियेची जागा प्रासंगिक क्रियेने घेतली काय, अट नव्याने जोडली गेली काय.

या कसोट्यांना मर्यादाही आहेत. त्यांनी हेतू कळत नाही, आणि अकोल्याच्या उदाहरणाप्रमाणे शब्द न बदलता घडलेला पालट केवळ पाठाच्या तुलनेने सापडत नाही. त्यासाठी शब्द ज्या परिस्थितीत उच्चारले गेले तिचा इतिहास पाहावा लागतो. तथापि जेथे पाठ बदलला आहे तेथे तो बदल निश्चितपणे दाखविता येतो, ही गोष्ट लहान नाही. राजकीय ठराव, जाहीरनामे, निवेदने व त्यांचे मसुदे ही मराठीच्या अभ्यासकाने आजवर बहुतांशी इतिहासकाराकडे सोपविलेली सामग्री आहे. ‘चळवळ’ आणि ‘माल’, ‘सोसूनही’ आणि त्याचा अभाव, ‘नियंत्रण’ आणि ‘अनुरूप’ यांतील अंतर ओळखणे हे मात्र प्रथमतः भाषेचे काम आहे. ते अंतर सुरतेच्या मंडपात वेळेवर मोजले गेले नाही, आणि त्याची किंमत अमरावतीसारख्या अनेक नगरांतील सार्वजनिक जीवनाला पुढील नऊ वर्षे मोजावी लागली.